ग्रहणाचा वाद आणि माझं बीपी

अन्याय माझ्यावर झाला. संक्रांतीनंतरच्या चौथ्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मंडईजवळच्या एका जुन्या प्रसूतिगृहात. मला नुकताच आठवा महिना लागला होता. डोळ्यांपुढे काहीतरी चमकतं, असं मी डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी माझं बीपी मोजलं नाही. बीपीचं यंत्र त्यांच्याच टेबलावर होतं. त्यावर त्यांनी पेपर ठेवला होता.

दोन दिवसांनी, गुरुवारी, दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा बीपी मोजलं आणि म्हणाल्या, "एकशे सत्तर, एकशे दहा. तुमचा आजार डोळ्यांचा नाही. आजार बीपीचा आहे, डोळे फक्त त्याची बातमी देतायत. आता घरी जायचं नाही."

बोलताना त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी करडा डाग होता. डागाच्या कडेने केस, खाली पांढरा कोट. मी कोटाकडे बघून मान हलवली.

मी वैशाली. पत्रकं लिहिणारी बाई आहे. विज्ञानप्रसाराचं काम करणाऱ्या एका लहानशा मंडळाची कार्यकर्ती. पाण्याच्या टाकीपासून पत्रिकेतल्या मंगळापर्यंत सगळ्यावर मी पत्रकं लिहिली आहेत. त्यामुळे हेही पत्रकासारखं वाटेल. वाटू दे. ज्यांच्या घरात गरोदर बाई आहे त्यांच्यासाठी ते लिहिलंय.

आणखी एक आधीच सांगते. आजारपणाचे अनुभव लिहिणाऱ्या बायका लेखाच्या शेवटी फार समजूतदार होतात. मी झाले नाही. मला तेव्हा हेवा वाटत होता, आत्ताही वाटतोय, आणि ज्या गोष्टीचा हेवा वाटला तीच तुम्हाला सांगायची आहे.

आमच्या घरात त्या वेळी दोन गरोदर बायका होत्या. मी आणि माझी धाकटी जाऊ मुग्धा. कर्वेनगरचा एकच फ्लॅट, एकच सासूबाई, दोन भाऊ, आणि माझ्या मागे सहा आठवडे ती. मुग्धा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी कंपनीची बस तिला कोपऱ्यावरून उचलायची. कंपनीच्या विम्यात तिचं बाळंतपण बसत होतं, म्हणून तिचं नाव एका मोठ्या हॉस्पिटलात घातलेलं. माझं नाव घातलं मंडईजवळ, कारण सासूबाईंची दोन्ही मुलं तिथेच झाली होती. "डॉक्टरांचा हात चांगला आहे," एवढंच कारण. पत्रकं लिहिणाऱ्यांना विमा नसतो, त्यामुळे मीही वाद घातला नाही.

एकाच गोष्टीत मी तिच्यापेक्षा वरचढ होते. माझे डोळे. आमच्या घरात सगळ्यांना चष्मा. मुग्धाला तर शाळेपासून, आणि तोही जाड. मला नाही. कर्वे रस्त्यावर उभी राहिले की बसचा नंबर आधी मला दिसायचा आणि मी तो सगळ्यांना मोठ्याने सांगायचे. लहानपणी यवतमाळला आई म्हणायची, हिच्यापासून सुई लपत नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. आमच्या मंडळाने नदीकाठच्या मैदानात कार्यक्रम ठेवला. ग्रहणात गरोदर बाईने बाहेर पडू नये, चिरू नये, खाऊ नये, नाहीतर मूल व्यंग घेऊन जन्मतं, या समजुतीला उत्तर म्हणून एका गरोदर बाईने सगळ्यांसमोर ग्रहण बघायचं, काकडी चिरायची आणि खायची. ती बाई अर्थात मी. फिल्टरचा चष्मा लावून मी ग्रहण बघितलं, काकडी चिरली, मीठ लावून खाल्ली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला.

मुग्धाने त्या दिवशी घरून काम करायची परवानगी घेतली होती. सासूबाईंनी पडदे ओढले, ती आडवी झाली आणि ग्रहण सुटेपर्यंत झोपली. मी संध्याकाळी चिडून तिला विचारलं, "तुझा विश्वास आहे का या सगळ्यावर?"

ती म्हणाली, "छे हो वहिनी. पण आईच झोप म्हणतायत तर कोण नाही म्हणेल?"

तिला झोपही मिळाली आणि शाबासकीही. मला पेपरातला फोटो मिळाला आणि सासूबाईंचा दोन दिवसांचा अबोला.

यानंतर तीन आठवडे काही नाही. मग एके सकाळी बाजूच्या भिंतीवर काजवे चमकल्यासारखं झालं. बारीक, चंदेरी, खाली घरंगळणारे. मग डोकं दुखायला लागलं. चपला घट्ट व्हायला लागल्या, अंगठी निघेना. पायांचं सगळे म्हणाले, होतंच. अंगठीचं सगळे म्हणाले, होतंच. खोटं कुणी बोलत नव्हतं. सूज पुष्कळ जणींना येते. गरोदरपणात अंगात पाणी धरतं, बुबुळाचा फुगवटा किंचित बदलतो, चष्मा असलेल्यांचा नंबर थोडा हलतो, आणि बाळंतपणानंतर परत जागेवर येतो. त्याला घाबरायचं कारण नसतं. पण काजवे चमकणं म्हणजे नंबर हलणं नाही. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता.

मी मंगळवारी सासूबाईंबरोबर मंडईजवळ गेले. गर्दी होती. नर्सने वजन केलं, डॉक्टरांनी पोटाला हात लावून बाळ बघितलं, लोहाच्या गोळ्या लिहिल्या. मी म्हणाले, "डॉक्टर, डोळ्यांपुढे चमकतंय. मधेच अंधुक होतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पेपरात तुमचाच फोटो होता ना?"

"हो."

"मग सूर्याला विचारा. मला काय विचारता? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि पुढच्या वेळी ग्रहण टीव्हीवर बघा."

बाहेर बाकावर बसलेल्या दोघी हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, पण रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "बघितलंस ते बघितलंस, वर पेपरात फोटो दिलास. देवाला पत्ता शोधायचेसुद्धा कष्ट ठेवले नाहीस."

आता तुम्हाला वाटेल, अंधश्रद्धाळू सासू आणि उर्मट डॉक्टर, यांनीच घात केला. थांबा. माझ्या बाजूच्या लोकांचंही ऐका.

त्याच संध्याकाळी मी मंडळाच्या खोलीवर गेले. शनिवारी आमची जाहीर सभा होती आणि तिथे वाटायचं पत्रक मीच लिहिलं होतं. मथळा होता, 'ग्रहण पाहिलेल्या आईचं निवेदन'. मजकूर असा की मी गरोदर असताना ग्रहण बघितलं आणि मला व माझ्या बाळाला काहीही झालेलं नाही. छापखान्यातून प्रूफ आलं होतं. मंडळाच्या सुभाषदादांना मी बाजूला घेऊन सांगितलं की डोळ्यांना त्रास होतोय.

ते खरंच चांगले आहेत. मला स्वतःच्या हाताने पाणी दिलं. मग म्हणाले, "वैशाली, आत्ता कुठे बोलू नकोस. ते लोक टपून बसलेत. एकदा कळलं की ग्रहण पाहिलेली बाई आंधळी झाली, की आपलं दहा वर्षांचं काम पाण्यात. शनिवार होऊ दे, रविवारी आपण स्वतः तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ."

म्हणजे सासूबाईंच्या मते माझे डोळे ग्रहणामुळे गेले होते आणि दादांच्या मते ग्रहणामुळे गेले असं दिसता कामा नये. दोघंही ग्रहणाबद्दलच बोलत होते. माझ्याबद्दल कुणीच नाही. माझा नवरा अमोल मधे लोंबकळत होता. आईला एक सांगायचा, मला एक.

मी प्रूफ घरी आणलं. बुधवार गेला, तपासायला घेतलं नाही. गुरुवारी सकाळी घेतलं तर ओळी वाकल्या होत्या. मधोमध खड्डा पडल्यासारखी प्रत्येक ओळ खाली गेलेली, आणि खड्ड्यातली अक्षरं पुसट. मला वाटलं छापखान्याने कागद ओला केला. मुग्धा ऑफिसला निघाली होती, तिच्या हातात कागद दिला आणि म्हणाले, "बघ काय घाण छापलंय. सगळ्या ओळी वाकड्या."

तिने बघितलं. "वहिनी, सरळ आहेत ओळी."

"चष्मा पूस तुझा."

तिने खरंच पुसला आणि परत बघितलं. मग कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "तुमचं डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढे काजवे? इथे, छातीच्या खाली, उजवीकडे दुखतं?"

तिन्हीला हो होतं. बरगडीखालचं दुखणं मी ॲसिडिटी म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मला दर व्हिजिटला विचारतात हे. आधी सिस्टर विचारते, मग डॉक्टर परत विचारतात. इतकं बोअर होतं की पाठ झालंय. तुम्हाला नाही विचारत?"

मला नाही विचारत.

तिची कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवत होती. तिने मोबाइलवर कुणालातरी सांगितलं, मी येत नाही, फॅमिली इमर्जन्सी आहे, आणि पायात चपला घालून मला रिक्षात बसवलं. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "अगं पण हिचे डॉक्टर मंडईला आहेत." मुग्धा म्हणाली, "आई, नंतर बोलू," आणि रिक्षावाल्याला आपल्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

मी तेव्हा कृतज्ञ वगैरे नव्हते. रिक्षात सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच होतं. हिला विचारतात. हिचं बीपी पहिल्यापासून उत्तम, हिचे पाय सुजलेले नाहीत, हिला त्या प्रश्नाची काही गरज नाही, आणि हिला दर वेळी, दोन-दोन माणसं विचारतात. दागिन्याचा हेवा मला कधी वाटला नाही, साडीचा नाही, पगाराचा थोडा वाटला. पण एका प्रश्नाचा इतका हेवा वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

हॉस्पिटलात बीपी मोजलं ते वर सांगितलंच. लघवी तपासली, त्यात प्रोटीन होतं. रक्त तपासलं. आजाराचं नाव प्री-एक्लॅम्पसिया. म्हणजे गरोदरपणाच्या उत्तरार्धात बीपी चढतं आणि मूत्रपिंड, यकृत, मेंदू, डोळे यांतल्या कुणावरही त्याचा ताण येतो. वेळेत धरलं नाही तर आईला झटके येतात. झटके आले की त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात, आणि त्यात आई जाऊ शकते, बाळ जाऊ शकतं. काजवे चमकणं, अंधुक दिसणं, न थांबणारी डोकेदुखी ही झटक्यांच्या आधीची सूचना असते.

मला मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. ते झटके येऊ नयेत म्हणून देतात. अंगातून उकळतं पाणी फिरवल्यासारखं वाटतं, घाबरू नका. बाळाची फुफ्फुसं लवकर पिकावीत म्हणून मला वेगळी इंजेक्शनं दिली.

दुपारी डोळ्यांचे डॉक्टर खाटेपाशी आले. थेंब घातले, कपाळावरच्या दिव्याने आत बघितलं. मग म्हणाले, "सीरस रेटिनल डिटॅचमेंट आहे, दोन्ही डोळ्यांत. घराच्या भिंतीला ओल आली की रंगाचा पोपडा सुटतो ना? तसं. डोळ्याच्या आतला पडदा म्हणजे रेटिना. बीपीमुळे त्याच्यामागे पाणी साचलंय आणि तो सुटून आलाय. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, की बहुतेकींचं पाणी आपोआप ओसरतं आणि पडदा परत बसतो. बहुतेकींचं म्हणतोय. सगळ्यांचं म्हणत नाही."

अमोल धावत आला होता. त्याने विचारलंच, "डॉक्टर, ग्रहणाचा काही संबंध?"

"फिल्टर लावून बघितलं होतं?"

"हो."

"मग काही नाही. आणि सूर्याने डोळा भाजला असता तर एक-दोन दिवसांत कळलं असतं. तीन आठवडे वाट बघत नाही तो."

हे वाक्य मिळालं असतं तर सुभाषदादांनी ते मोठ्या टायपात छापलं असतं. मला तेव्हा एवढंच हवं होतं की समोरच्या माणसाला नाक आहे की नाही ते दिसावं.

शुक्रवारचा दिवस वाट बघण्यात गेला. दिवस जेवढे पुढे ढकलता येतील तेवढे बाळासाठी बरे, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या आणि दर तासाला बीपी त्यांना नाही म्हणत होतं. शेजारच्या खाटेवरची बाई पेपर वाचत होती. ती पान उलटायची तो आवाज मला सहन होईना. एक नर्स दुसरीला म्हणाली, या बोर्डावर 'शस्त्रक्रिया' चुकीचं लिहिलंय, आणि मला रडू आलं. चुकीचं लिहिलेलंसुद्धा मला दिसत नव्हतं. जो जो काही वाचत होता, सुई ओवत होता, घड्याळ बघत होता, त्या प्रत्येकाचा मला राग येत होता.

शनिवारी सकाळी सिझेरियन झालं. मुलगी. पावणेदोन किलोही नाही. मला कुणीतरी म्हणालं, बघा, मुलगी झाली, आणि माझ्या तोंडाजवळ काहीतरी गुलाबी आणून लगेच नेलं. रडली, ते ऐकू आलं. दिसलं काहीच नाही.

तिला काचेमागे, उबेच्या पेटीत ठेवलं. मग माझी माणसं एकेक करून जाऊन बघून यायला लागली. अमोलने बघितलं. सासूबाईंनी बघितलं आणि येऊन माझ्या पायावर हात ठेवून बसल्या. यवतमाळहून रात्रीच्या गाडीने आलेल्या आईने बघितलं, म्हणाली, "लहानशी हाय, पण चिवट दिसते." आणि मुग्धाने बघितलं. ती आत आली तेव्हा आवाजावरूनच कळत होतं की ती हसतेय.

"वहिनी, भुवया तुमच्या आहेत. अगदी जुळलेल्या."

माझ्या मुलीच्या भुवया मुग्धाला ठाऊक होत्या. मला नाही. माझ्या मनात आलं, हिचे डोळे काढून घ्यावेत. हे जसंच्या तसं मनात आलं, मी सजवत नाही. मी म्हणाले, "मुग्धा, तू परत तिकडे जाऊ नकोस."

ती जरा उभी राहिली. मग "बरं" म्हणाली. नंतर रोज माझा डबा आणायची, आईच्या हातात द्यायची आणि परत जायची. काचेकडे गेली नाही. हे मला आईने सांगितलं.

मला चाकांच्या खुर्चीवरून तिकडे नेलं ते दोन दिवसांनी. पेटीच्या भोकातून हात घातला, एवढीशी टाच हाताला लागली. बघायला गेले की मधला डाग नेमका तिच्यावर बसायचा. तिथल्या सिस्टरने सांगितलं, तिच्याकडे बघू नका, बाजूच्या नळीकडे बघा. नळीकडे बघितलं तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात एक हलणारी मूठ आली. मी आठवडाभर माझ्या मुलीला अशीच बघत होते, दुसरीकडे बघून.

मग हळूहळू डाग विरळ व्हायला लागला. आधी कडा पातळ झाल्या, मग खिडकीचे गज सरळ झाले. तिसऱ्या आठवड्यात दूध पाजताना खाली बघितलं तर भुवया दिसल्या. जुळलेल्या होत्या. मुग्धाने खरंच सांगितलं होतं.

आज मी वाचते, लिहिते. उजव्या डोळ्याला लाल रंग जरा विटका दिसतो, तो तसाच राहील म्हणतात. बीपी मला आयुष्यभर तपासत राहायला सांगितलंय. ज्यांना हा आजार होऊन गेलाय त्यांनी तेवढं करायचं, बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही.

हिंडायला लागल्यावर मी मंडईजवळ गेले आणि त्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही डोळ्यांबद्दल बोललात. डोळे माझा विषय नाही." तिथून मंडळाच्या खोलीवर गेले. ते निवेदन शनिवारच्या सभेत वाटून झालं होतं. मी म्हणाले, आता गरोदर बायकांच्या बीपीवर पत्रक काढू. सुभाषदादा म्हणाले, "चांगलं आहे गं, पण तो आपला विषय नाही." दोघांची एकमेकांशी ओळख नाही. मी मंडळ सोडलं नाही. पुढचं ग्रहणही फिल्टर लावून बघेन, काकडीही खाईन. पण हे पत्रक मी स्वतः काढलंय, मंडळाच्या नावाशिवाय.

मुग्धाला वेळेवर मुलगा झाला. तिचं बीपी शेवटपर्यंत एकशे दहा-सत्तर. बाळ तिच्या छातीवर ठेवलं तेव्हा तिचा चष्मा काढलेला होता, तरी तिला ते दिसलं, कारण तिला जवळचं चष्म्याशिवाय दिसतं. हे तिनेच मला सांगितलं, आनंदात, आणि सांगता सांगता थांबली. मी तिला म्हणाले, थांबू नकोस, सांग सगळं. तिने सगळं सांगितलं. मी सगळं ऐकलं आणि मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत हेवा वाटला. तिच्यामुळे मी जिवंत आहे, माझी मुलगी जिवंत आहे. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आता तुमचं काम. तुमच्या घरात, जिन्यावर समोरच्या दारात, ऑफिसात शेजारच्या टेबलावर पाचवा महिना उलटलेली कुणी असेल. तिचे डॉक्टर किती मोठे आहेत, तिने काय खाल्लं, काय बघितलं, कुठे गेली, हे विचारू नका. विचारा, डोळ्यांपुढे चमकतं का, अंधुक होतं का, डोकं दुखायचं थांबत नाही असं होतं का, उजव्या बरगडीखाली दुखतं का. यातल्या एकालाही हो म्हणाली तर त्याच तासाला तिला घेऊन निघा आणि तिचं बीपी मोजून आकडा तुमच्या कानावर पडेपर्यंत तिथून हलू नका. आज विचारा. आणि ती उत्तर देत असताना मधे बोलू नका.